तोंडी तक्रार आणि आवक क्रमांक

कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलीत, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये किंवा कचेरीच्या कँटीनमध्ये अर्धा तास बसले, तर एक विषय हमखास निघतो. कोणावर तरी अन्याय झालेला असतो. ज्येष्ठता डावलली गेलेली असते, मंजूर झालेली रजा ऐन वेळी रद्द झालेली असते, परीक्षेचे काम दर वर्षी नेमके एकाच्याच गळ्यात पडलेले असते, किंवा एकाने रात्र जागून तयार केलेल्या टिपणीखाली दुसऱ्याची सही होऊन ती वर गेलेली असते. बोलणारा तावातावाने बोलतो, ऐकणारे माना डोलावतात, चहा संपतो आणि घंटा होते. दुसऱ्या दिवशी तोच विषय, तीच माणसे आणि तोच चहा. ज्याच्याविरुद्ध हे सारे बोलले जाते, त्याच्या कानावर त्यातले निम्मे, तेही तिखटमीठ लावून, संध्याकाळच्या आत पोचते. आणि जेथे ते पोचावयास हवे, तेथे त्यातले एक अक्षरही पोचत नाही.

असे का व्हावे? माणसे भित्री असतात म्हणून, असे उत्तर आपण सहज देऊन जातो. मला ते पटत नाही. घराचा हप्ता चालू असलेला, मुलीची बारावी तोंडावर आलेला माणूस वरिष्ठांशी भांडत नाही, तेव्हा तो भितो असे म्हणण्यापेक्षा तो हिशेब करतो असे म्हणणे अधिक न्याय्य आहे. आणि हिशेबाचा प्रश्न निघाला की अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्यात तोंड घालण्याचा थोडाफार अधिकार पोचतो.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेखानी पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ नायजेरियाच्या रेल्वेत आहे. उत्तर नायजेरियातला भुईमूग शेकडो मैलांवरच्या बंदरांत नेण्यासाठी रेल्वे हे अगदी सोयीचे साधन. पण मालट्रकांशी स्पर्धा सुरू झाल्यावरही रेल्वेचा कारभार सुधारला नाही. स्पर्धेने सुधारणा होते हे आमचे पाठ्यपुस्तकी सूत्र तेथे लागू पडेना. हर्शमनने त्याची उकल केली ती अशी : ज्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला जागे केले असते, तेच ट्रककडे निघून गेले. मागे राहिले ते सोसणारे. म्हणजे एखादी संस्था बिघडू लागली की तिच्यातल्या माणसांपुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे आणि बोलून दाखवणे. आणि पहिला मार्ग दुसऱ्याचा गळा घोटू शकतो. उलट, बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन येते तेही, वेळ आली तर हा निघून जाईल, या धाकामुळेच.

आता हे आपल्या नोकऱ्यांना लावून पाहावे. वीस वर्षांची सेवाज्येष्ठता गाठोड्यात बांधून दुसऱ्या संस्थेत नेता येत नाही. अनुदानित महाविद्यालयात एक पूर्णवेळ जागा मिळण्यासाठी उमेदवार किती वर्षे वाट पाहतो, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा निघून जाण्याचा मार्ग बहुतेकांना बंद आहे, आणि तो बंद आहे हे समोरच्यालाही पक्के ठाऊक आहे. जो जाऊ शकत नाही त्याच्या बोलण्याचा धाक कोणाला वाटणार? स्टाफरूममधले ते तावातावाचे बोलणे स्टाफरूममध्येच का विरते, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

निघून जाण्यालाही भांडवल लागते. आमच्याच विषयाच्या एका प्राध्यापकाचे उदाहरण घ्या. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात डॉ. आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, ही नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला स्टाफरूममध्ये पाणी नाकारले जात होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले; पण त्यासाठी पगारातून काटकसरीने बाजूला टाकलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढे सारे जमवावे लागले. ‘सहकाऱ्यांशी कसे जुळवून घ्यावे’ हे शिकवणारी पुस्तके हल्ली रेल्वे स्थानकावरही विकत मिळतात. हसतमुख राहा, समोरच्याची बाजू समजून घ्या, असा त्यांतला उपदेश असतो. स्वभावास्वभावांतल्या घर्षणावर तो उपदेश चालेलही. पण जेथे भांडे कोणी शिवावे याचा नियमच वाकडा आहे, तेथे जुळवून घेणे याचा अर्थ त्या नियमाला मान डोलावणे एवढाच होतो. त्रासदायक सहकारी आणि अन्यायकारक व्यवस्था या दोन वस्तू आपण फार वेळा एकाच नावाने हाकारतो.

ही गल्लत प्रस्तुत लेखकानेही केली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या स्थाननिश्चितीचा प्रस्ताव तयार होता. स्वयंमूल्यमापनाच्या अहवालावर विभागप्रमुखांची सही तेवढी हवी होती. ‘ठेवून जा, बघतो,’ असे ते म्हणाले. चौदा महिने ते बघत होते. कारण काय, ते मला आजही नीटसे ठाऊक नाही. एका सभेत मी त्यांच्या मताविरुद्ध बोललो होतो, एवढेच आठवते. या चौदा महिन्यांत मी त्यांच्याविषयी किती आणि कोणाकोणाशी बोललो याची गणती नाही. त्यांचा स्वभाव, त्यांचा हेवा, त्यांच्या लकबी या विषयांवर मी जवळजवळ प्रबंधच लिहू शकलो असतो. घरी येऊनही तेच. शेवटी पत्नीने एकदा जेवताना विचारले, ‘आज तरी ते पानावर नकोत ना?’ तेव्हा थोडी लाज वाटली.

मार्ग दाखवला तो आमच्या कार्यालयातल्या मुख्य लिपिकांनी. आता ते निवृत्त आहेत. एके दिवशी त्यांनी मला टेबलाजवळ बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘सर, तुम्ही स्टाफरूमात किती बोलता याची नोंद आमच्याकडे होत नाही. अर्ज द्या. दोन प्रती आणा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या आणि ती घरी ठेवा.’ त्या रात्री मी अडीच पानांचा अर्ज लिहिला. विशेषणांची त्यात कमतरता नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वाचला आणि पेन्सिल घेतली. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द त्यांनी सर्वांत आधी खोडला. म्हणाले, ‘हेतू सिद्ध करायला कोर्ट लागतं सर, तारीख सिद्ध करायला आमचं रजिस्टर पुरतं.’ मग विभागप्रमुखांचे नाव जेथे जेथे होते तेथे काट मारली. ‘माणसाविषयी लिहू नका, फाइलविषयी लिहा.’ उरल्या पाच ओळी : प्रस्ताव अमुक तारखेला सादर केला आहे, त्याची सद्यःस्थिती कळविण्यात यावी, त्रुटी असल्यास लेखी कळवाव्यात म्हणजे पूर्तता करता येईल.

तीन आठवड्यांत सही झाली. हा चमत्कार मुळीच नव्हे. तोंडी तक्रारीला काही खर्च नसतो, म्हणून तिच्यातून काही कळतही नाही; उठसूट सर्वच जण ती करतात. लेखी अर्जाला किंमत मोजावी लागते, म्हणून तो देणारा गंभीर आहे हे न सांगता कळते. शिवाय, आवक क्रमांक पडेपर्यंत उशीर हा उशीरच नसतो. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे. दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणून तो कचेऱ्यांत ओळखला जातो. सरकारी कर्मचाऱ्याने सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ अडवून ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अनेक कार्यालयांना तीस दिवसांत उत्तर देणे भाग पाडले. पण सात काय किंवा तीस काय, मोजणी कोठून तरी सुरू व्हावी लागते; आणि ती आवक-जावक नोंदवहीतल्या त्या एका ओळीपासून होते. ज्या नोंदवहीला आपण कारकुनी म्हणून नाक मुरडतो, ती दुबळ्या बाजूचे फार मोठे हत्यार आहे.

त्या अर्जाची किंमत मात्र मला मोजावी लागली. पुढची दोन वर्षे विभागप्रमुख माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत, आणि दिवाळीच्या तोंडावरची पर्यवेक्षणाची पाळी तेवढी न चुकता माझ्याकडे आली. असो. त्यांच्या निरोप समारंभात चार चांगले शब्द मीच बोललो, आणि ते खोटे नव्हते. माणूस शिकवीत असे उत्तम.

कागद अन्यायाविरुद्ध जसा चालतो, तसा अन्यायाच्या बाजूनेही चालतो, हे विसरून चालणार नाही. गोपनीय अहवाल हे त्याचे ठळक उदाहरण. वर्षानुवर्षे आपल्याविषयी कोणीतरी काहीतरी लिहीत असे आणि ते आपल्याला दिसत नसे. प्रतिकूल शेरा असेल तर कळवावा असा दंडक होता. पण बरा शेराही घात करू शकतो, हे सीमा रस्ते संघटनेतल्या एका कार्यकारी अभियंत्याच्या प्रकरणात दिसले. पदोन्नतीसाठी लागोपाठ पाच वर्षे ‘खूप चांगला’ असा शेरा आवश्यक होता. त्यांना चार वर्षे तो मिळाला. १९९३-९४ या एका वर्षी नुसताच ‘चांगला’ मिळाला. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो कळवला गेला नाही, आणि त्याच एका शब्दापायी पदोन्नती हुकली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शेरा कोणताही असो, वाईट, साधारण, चांगला वा खूप चांगला, तो संबंधिताला वाजवी मुदतीत कळवलाच पाहिजे. न कळवणे हीच मनमानी. तोवर ते अभियंते निवृत्त झालेले होते. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व पुन्हा कायम केले. आपला शेरा मागून घेण्याचा हक्क मिळून आता इतकी वर्षे झाली. पण तो लेखी मागणारे माझ्या परिचितांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘उगीच कशाला नजरेत यायचे?’ हे त्यावरचे उत्तर. हिशेब पुन्हा तोच.

येथवर लिहिले ते कायम नोकरीतल्यांविषयी. आवक क्रमांकाचे हे शास्त्र एका पायरीखाली उतरले की लंगडे पडते, आणि ते मला ज्या प्रसंगाने कळले त्यात अन्याय करणारा मीच होतो.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाचे वेळापत्रक माझ्याकडे होते. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक अध्यापिका होत्या. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास वर्गावर उभे राहावे तेवढ्यांचेच पैसे. सुटीचे नाहीत, मध्ये रिकामे बसण्याचे नाहीत, आणि नेमणूक त्या वर्षापुरती. कायम अध्यापकांच्या सोयी लावून झाल्यावर जे कोपरे उरले ते मी त्यांना दिले : पहिला तास साडेसातला आणि दुसरा सव्वाबाराला. त्या रोज पस्तीस किलोमीटरवरून एस.टी.ने येत. पैसे दोन तासांचे मिळत. दिवस सारा जाई. मधले चार तास त्या ग्रंथालयात बसत, आणि मी जाता-येता त्यांच्या अभ्यासू वृत्तीचे मनात कौतुक करीत असे. वर्षभरात त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. एका पतसंस्थेत लागल्या असे कळले. त्यांचे वेळापत्रक म्हणजे काय होते, हे मला सांगितले ते पुन्हा मुख्य लिपिकांनीच. ‘त्यांना सांगितलं नाहीत का, अर्ज द्या म्हणून?’ मी विचारले. ते म्हणाले, ‘सर, जूनमध्ये नेमणूक तुमच्याच शिफारशीवर व्हायची. अर्ज कुणाकडे देणार?’

माझ्या विभागप्रमुखांनी फाइल अडवली त्यात त्यांचा काही हेतू असेल किंवा नसेलही. माझा तर नव्हताच. मी कोणाचा हेवा केला नव्हता, कोणाशी वाकडे धरले नव्हते. मी फक्त रकाने भरले होते. माझ्याविषयी त्या एस.टी.त कोणाशी काय बोलल्या असतील, त्याचा विचार कधीकधी मनात येतो.

गेल्या जूनमध्ये वेळापत्रक पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी मी तासिका तत्त्वावरच्या पाचही जणांना एक साधा कागद दिला : येण्याजाण्याची गाडी कोणती, सलग तास हवेत काय, कोणत्या वेळा अडचणीच्या. प्राचार्यांची संमती घेतली, कागदांची कार्यालयात नोंद होईल असेही सांगितले. तिघांचे कागद भरून आले आणि त्यांचे तास सलग लावता आले. एकाने चौकशी केली की हे नक्की कशासाठी आहे. पाचवा कागद कोराच परत आला. खाली सुवाच्य अक्षरात ‘आपण ठरवाल त्याप्रमाणे’ एवढेच लिहिलेले, आणि सही.