सातच्या बातम्यांत रत्नागिरी कुठे?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्यांना चेहरा मिळाला. तोवर त्या आकाशवाणीवर ऐकायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायच्या. पुढे ‘सातच्या बातम्या’ म्हणून घराघरात ओळखलं गेलेलं ते बातमीपत्र हे महाराष्ट्राचं संध्याकाळचं घड्याळच होतं.

निवेदकही तसेच लाभले. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील. हातमागाची साडी नेसून बातम्या वाचणारी स्मिता श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली, ती छोट्या पडद्यावरूनच. १९७४ मध्ये आलेले प्रदीप भिडे तर पुढची कित्येक वर्षं या बातम्यांचा आवाज बनून राहिले. समोर वाचायला पडदा नसे, हातात कागद असे. वाक्याचा शेवट लक्षात ठेवून मान वर करायची आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून तो पुरा करायचा. आवाज चढवायचा नाही, बातमीत स्वतःचं मत घालायचं नाही. प्रमाण मराठी कशी बोलावी, हे अनेक घरांनी या वाचनातून टिपलं.

पडद्यामागे मात्र वेळेशी झुंज असे. चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर व्हायचं. ती वरळीच्या दूरदर्शन केंद्रात आणायची, धुवायची, कापायची, जोडायची. मुंबईतली सकाळची सभा संध्याकाळी दिसू शकायची. रत्नागिरी तिथून तीनशेहून अधिक किलोमीटर. इथली फिल्म घाटवळणांच्या रस्त्याने पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायची.

बातमी जायला जसा उशीर, तसाच ती यायलाही. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे वरळीचं प्रक्षेपण कोकणच्या डोंगरांआड पोचत नव्हतं. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याची सोय झाली, कोकणाची नाही. गिरगाव-लालबागचा चाकरमानी टीव्हीसमोर आणि गावचे आईवडील रेडिओसमोर, असा तो काळ. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि पुढच्या वर्षी देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचा धडाका सुरू झाला. पण उपग्रहावरून येणारा मुख्य कार्यक्रम दिल्लीचा. मराठीची उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ला आली आणि २००० मध्ये तिचं नाव ‘सह्याद्री’ झालं.

२००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि आज तर खेड्यातून मोबाइलवर चित्रण क्षणात मुंबईला जातं. तरीही आपला जिल्हा पडद्यावर ठळकपणे येतो तो संकटातच: २०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा. मासेमारीचा हंगाम, आंब्याचा मोहर, बंद पडत चाललेल्या शाळा यांना वेळ मिळत नाही.

असा वेळ देता येतो, हे इतरत्र दिसलं आहे. फिलिपिन्समध्ये एबीएस-सीबीएन वाहिनीच्या, १९८७ साली सुरू झालेल्या ‘टीव्ही पेट्रोल’ या संध्याकाळच्या बातमीपत्राने प्रांतोप्रांती स्थानिक आवृत्त्या काढल्या होत्या. २०२० मध्ये वाहिनीच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही आणि त्या बंद पडल्या. स्थानिक बातमी उभी करायला वर्षं लागतात, मोडायला एक निर्णय पुरतो.

अंतराची अडचण आता उरलेली नाही. प्रश्न प्राधान्याचा आहे. सह्याद्रीने कोकणासाठी रोज दहा मिनिटांचं बातमीपत्र द्यावं, जुन्या निवेदकांच्या त्याच संयमाने. पूर नसलेल्या दिवशीही इथे माणसं राहतात, आणि त्यांच्या बातम्या असतात.