जुन्या मोटारीतील फेरेमापक : दोष कसा शोधावा

मोटारीचा व्यवसाय आपल्या समाजास परका नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या ठेकेदारीपासून आरंभ करून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढील काळातील पद्मिनी ह्या गाड्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारींसमोर व बेळगावच्या रविवार पेठेत कित्येक वर्षे उभ्या असत. त्या घरगुती गाड्यांत वेग दाखविणारा काटा असे. इंजिनाचे फेरे दाखविणारा नसे. तो मान एम.जी., ट्रायम्फ अशा दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्‌स मोटारींचा. अशी एखादी गाडी आजोबांच्या वा वडिलांच्या हौसेची खूण म्हणून आमच्या सीमाभागातील काही घरांत अद्याप जपून ठेवलेली आहे. प्रस्तुत लेख मुख्यत्वे त्या घरांकरिता आहे. तथापि नव्या मोटारी वापरणाऱ्या सभासदांसही त्यातील काही भाग उपयोगी पडेल असे वाटते.

फेरेमापक, म्हणजे कारखान्यातील मंडळी ज्यास सरळ आर.पी.एम. मीटर म्हणतात तो, इंजिन एका मिनिटास किती वेळा फिरते हे सांगतो. हा काटा थांबला किंवा नाचू लागला की पुष्कळ ठिकाणी एकच उपाय सुचविला जातो: मीटर बदला. परदेशाहून मागविलेल्या मीटरची किंमत व टपालखर्च भरल्यावर नवा काटाही जुन्यासारखाच नाचू लागतो, आणि मूळ मीटर मात्र तोवर भंगारात गेलेला असतो. आमचे मत स्पष्ट आहे. मीटर हा बहुधा निर्दोष असतो; दोष त्याच्याकडे येणाऱ्या वाटेत असतो. वजन कमी भरले म्हणून तराजू फेकून देण्यापूर्वी आपण पारड्याखाली काही अडकले आहे काय हे पाहतो, तसेच हे आहे.

प्रथम गाडीतील मीटर कोणत्या जातीचा आहे हे पाहावे. ट्रायम्फ स्पिटफायरच्या आरंभीच्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरपासून एक लवचीक केबल निघून मीटरपर्यंत जाते. केबलच्या टोकाशी लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, आणि चुंबकाच्या ओढीने ती वाटी केसासारख्या बारीक स्प्रिंगेविरुद्ध वळते; काटा त्या वाटीस जोडलेला असतो. १९६२ पासूनच्या एम.जी.बी. गाडीत मात्र केबल नाही. तेथे मीटर इग्निशन कॉइलच्या विजेचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ३००० फेऱ्यांवर सेकंदास शंभर.

केबलच्या मीटरची परीक्षा सोपी आहे. मीटरच्या मागील बाजूची केबल सोडून इंजिन सुरू करावे. आतील तार फिरत असेल तर दोष मीटरमध्ये. फिरत नसेल तर तार तुटली आहे किंवा तिला फिरविणारे दाते झिजले आहेत. काटा थरथरत असेल तर तार कोरडी पडली आहे किंवा तिला कोठे तीव्र वळण बसले आहे असे समजावे. तिला वंगण द्यावे, परंतु मीटरकडील वीतभर भाग कोरडा ठेवावा. अन्यथा वंगण वर चढून वाटी व स्प्रिंग चिकट होतात, आणि चांगला मीटर दुरुस्तीच्या नादात बिघडतो. नवी तार पुनःपुन्हा तुटत असेल तर तिसरी आणू नये, मीटरचा आसच जाम झाला आहे काय ते पाहावे. येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. १९४५ ते १९४९ मध्ये निघालेल्या एम.जी. टी.सी. गाडीतील घड्याळी पद्धतीच्या मीटरचा काटा मुळातच टप्प्याटप्प्याने उड्या घेत सरकतो. तो दोष नव्हे.

विजेच्या मीटरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. काटा मेला आहे की खोटे बोलतो आहे, हा पहिला प्रश्न. मेला असेल तर किल्ली चालू करून टेस्ट लॅम्पने मीटरच्या टोकावर वीज येते का ते बघावे. न आल्यास फ्यूज व जोड तपासावेत. वीज येत असेल तर अर्थिंग पाहावे. ह्या मीटरचे अर्थिंग पुष्कळदा त्याच्या पत्र्याच्या पेटीतून व मागील पट्टीतून होते, आणि आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसात त्या पट्टीखाली गंज धरल्याशिवाय राहत नाही. मोठे दिवे लावताच काटा सरकतो, हे बिघडलेल्या अर्थिंगचे नेहमीचे लक्षण होय. बॅटरीच्या ऋण टोकापासून मीटरच्या पेटीपर्यंत एक तात्पुरती तार जोडून पाहावी. काटा जिवंत झाला तर काचकागदाने पट्टी घासण्यापलीकडे खर्च नाही. मात्र ही कसोटी ऋण अर्थिंगच्या गाडीसाठी आहे. १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी. गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थ केलेले असे. अशा गाडीची बॅटरी कोणी उलट जोडली व मीटरमध्ये आवश्यक तो फेरबदल केला नाही, तर आतील ट्रान्झिस्टर कायमचा जातो.

काटा खोटे बोलतो अशी शंका असल्यास दुसरा साक्षीदार पाहिजे. उद्यमबागेतील कारखान्यांत लेथचे फेरे प्रकाशकिरणाने मोजण्याचे हातातले यंत्र असते. क्रँक पुलीस चमकणारी पट्टी चिकटवून ते रोखले की काम होते. ते न मिळाल्यास महामार्गच साक्ष देईल. एम.जी.बी. चौथ्या गिअरमध्ये, ओव्हरड्राइव्ह बंद असता, दर हजार फेऱ्यांस ताशी सुमारे २९ किलोमीटर धावते. मोबाइलमधील जी.पी.एस.वर वेग ८६ दिसत असताना काटा ३००० च्या आसपास असला पाहिजे. काटा पाहण्याचे व मोबाइल पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, हे सांगणे नको.

तिसरी युक्ती जुन्या मेकॅनिकांची आहे आणि आम्हांस ती विशेष आवडते. आपल्या घरची वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदास शंभर वेळा उजळते व मंदावते. रात्री गॅरेजमध्ये केवळ अशाच ट्यूबखाली गाडी उभी करावी, क्रँक पुलीवर खडूची एक बारीक रेघ ओढावी, आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. बरोबर १५०० फेऱ्यांवर एका रेघेच्या जागी चार रेघा स्थिर उभ्या दिसतात. ३००० वर दोन. त्या क्षणी काटा काय सांगतो ते टिपून घ्यावे. नव्या एल.ई.डी. दिव्यांत किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबमध्ये ही गंमत बहुधा दिसत नाही. एक इशारा गांभीर्याने देतो. ह्याच प्रकाशात फिरता पंखाही स्थिर वा संथ भासू शकतो. मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि स्वतःचे उपरणे, बाह्या व बोटे दूर ठेवावीत.

आता चूक किती हे न पाहता चूक कशा प्रमाणात आहे ते पाहावे. काटा सर्वत्र दोन-तृतीयांशच दाखवीत असेल, म्हणजे ३००० ला २००० आणि १५०० ला १०००, तर तो मीटर सहा सिलिंडरच्या गाडीचा आहे. जुन्या सामानाच्या बाजारात असे मीटर बिनदिक्कत विकले जातात, कारण बाहेरून ते सारखेच दिसतात. ही चूक इंजिनाच्या जिवावर बेतणारी आहे. एम.जी.बी.च्या मीटरवर तांबडा पट्टा ६००० पासून सुरू होतो; चुकीचा काटा शांतपणे ४००० दाखवीत असता इंजिन त्या पट्ट्याशी जाऊन पोहोचलेले असते. उलट, चूक प्रमाणात नसून काटा कधी बरोबर, कधी कमी, कधी उड्या मारणारा असेल तर सी.बी. पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले आहे काय ते विचारावे. एम.जी.बी.चा आरंभीचा मीटर कॉइलकडे जाणाऱ्या प्रवाहाचा ठोका ओळखतो. इग्निशन बदलले की ठोक्याचे रूप बदलते आणि मीटर गोंधळतो. येथे मीटर आजारी नाही, त्याच्याशी बोलणाऱ्याची भाषा बदलली आहे.

परंतु ह्या काट्याचा खरा उपयोग तो चांगला असतानाच कळतो. स्तवनिधीच्या दर्शनास जाताना तवंदी घाटात गाडी आचके देऊ लागली, अशी कल्पना करा. त्या क्षणी काट्याकडे पाहावे. गाडी गिअरमध्ये धावत आहे, म्हणजे चाके इंजिनास फिरवीतच आहेत; असे असता विजेच्या मीटरचा काटा एकदम शून्याकडे पडत असेल तर ठोके येणेच बंद झाले, अर्थात पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलची जोडतार ह्यांपैकी कोणी तरी दगा देत आहे. इंजिन आचके देत असूनही काटा चाकांच्या वेगाप्रमाणे सावकाश उतरत असेल तर ही बाजू बहुधा ठीक आहे. पेट्रोल पंप व कार्ब्युरेटरकडे वळावे. निपाणीहून बोलावलेल्या मेकॅनिकास एवढे एक वाक्य सांगता आले तर त्याचा तासभर आणि मालकाचे पैसे वाचतात. केबलचा मीटर मात्र ही साक्ष देऊ शकत नाही, कारण तो केवळ फिरणे मोजतो.

मीटरच गाडी बंद पाडतो, असेही घडते. १९७२ नंतरच्या एम.जी.बी.त कॉइलपासून एक बारीक तार मीटरकडे जाते. ती बॉनेटमागील पत्र्याच्या भोकातील रबर निघून गेल्यामुळे घासली व पत्र्यास टेकली, तर ठिणगीच बंद होते. अशा वेळी कॉइलकडील ते टोक सोडून द्यावे. गाडी सुरू झाली तर दोष सापडला, आणि काट्याविना घरी पोहोचता येते. आरंभीच्या गाड्यांत कॉइलची वीजच मीटरमागच्या जोडातून जाते. तेथे तार सोडून चालत नाही. मीटर बाजूस ठेवून दोन्ही टोके एकमेकांस पक्की जोडावी लागतात.

इतके सारे पाहूनही दोष मीटरमध्येच ठरला तर तो काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, आणि प्रत्येक जोडाचे छायाचित्र घेऊन तारांना चिठ्ठ्या बांधाव्यात. आतील जुने कपॅसिटर व रेझिस्टर बदलणे चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिरास अवघड नाही. त्यास तबकडी व काटा ह्यांस हात लावू नये, असे आधीच बजावून ठेवावे, आणि काढलेले सुटे भाग एका पाकिटात घालून परत मागावेत.