पहिलटकरणीकडे लक्ष असू द्या



फडाच्या पाहणीला आम्ही येतो, तेव्हा टोळीत एखादी पहिलटकरीण मोळ्या वाहताना दिसते. डोकं दुखतंय म्हणाली, की 'ऊन लागलं असेल' म्हणून विषय संपतो. हे धोक्याचे आहे. पहिल्या खेपेला रक्तदाब वाढण्याचा संभव जास्त असतो. हात-तोंड सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. हयगय केल्यास झटके येऊन माय-लेकरू दोघेही दगावू शकतात.

अशा वेळी, तसेच अंगावरून रक्त किंवा पाणी गेल्यास, कळांची वाट न बघता १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होते. मुकादमाला सांगून तिची मोळी उतरवा. तोड एक दिवस थांबली तर ऊस कुठं पळून जात नाही.

— ऊस विकास विभाग