‘एरर’ म्हणणारं उत्तरही पूर्ण वाचा

भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे सुट्या भागांचे टेम्पो दिवसरात्र धावतात. ज्या व्हेंडरची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आहे, त्याला कंपनीला माल पाठवताना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, तिथून आयआरएन हा ६४ अक्षरी क्रमांक मिळवायचा, तेव्हाच ते कायद्याने बिल ठरतं. अनेक कारखान्यांत ही देवाणघेवाण माणूस करत नाही, तिथलं सॉफ्टवेअर थेट सर्व्हरशी बोलतं. सर्व्हरचं उत्तर येतं जेसन या मांडणीत.

डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही मांडणी रूढ केली. महिरपी कंसात नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या, चौकटी कंसात यादी, एवढंच तिचं व्याकरण. सर्व्हरकडून मात्र अक्षरांची नुसती सलग माळ येते. कंस उघडला की एक पायरी आत आणि मिटला की बाहेर, असं करत पार्सर, म्हणजे ही माळ वाचणारा प्रोग्राम, तिच्यातून फांद्यांचं झाड उभं करतो. एक कंस जरी कमी पडला, तरी तो सगळं उत्तर नाकारतो, आणि ते योग्यच आहे.

घाईत लिहिलेले प्रोग्राम हे झाड न उभारता माळेत हवा तो शब्द शोधतात. ई-इन्व्हॉइसच्या उत्तरात ‘स्टेटस’ दोनदा येतं. बाहेरच्या ‘स्टेटस’मध्ये १ असेल, तर विनंती यशस्वी झाली. आतला मजकूर कूटबद्ध असतो; तो उलगडला की दुसरं जेसन निघतं आणि त्यातलं ‘स्टेटस’ सांगतं की आयआरएन चालू आहे. नाव एक, अर्थ दोन. कोणत्या फांदीवरचं नाव वाचतो आहोत, हे कळल्याशिवाय ते वाचणं व्यर्थ आहे.

सगळ्यांत महागात पडतं ते अपयशाचं उत्तर अर्धवट वाचणं. समजा, बिल नोंदलं गेलं, पण उत्तर परत येताना इंटरनेट तुटलं. डिस्पॅचवाल्याने पुन्हा बटण दाबलं, तर २१५० क्रमांकाची चूक येते: हा आयआरएन आधीच दिलेला आहे. कारण आयआरएन बनतो तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक या चारांवर एसएचए-२५६ ची गणिती प्रक्रिया करून. हे चार तेच असतील, तर आयआरएनही तोच. पण त्याच उत्तराच्या दुसऱ्या फांदीवर आधीचा आयआरएन, पोचक्रमांक आणि तारीख दिलेली असते! प्रोग्राम ‘एरर’ पाहूनच थांबला, तर ती कोणाला दिसत नाही. मग कोणी बिल क्रमांक बदलून नवी नोंद करतं, एकाच मालाची दोन बिलं जीएसटी विवरणपत्रात जाऊन बसतात आणि पोर्टलवर ती रद्द करायला मुदत असते फक्त २४ तासांची.

पार्सिंग बिनचूक झालं, तरी किमतीचा प्रकार चुकू शकतो. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचा क्रमांक १२ अंकी. तो आकडा म्हणून एक्सेलमध्ये टाकला, तर साध्या रकान्यात घातांकाच्या रूपात दिसतो. जम्मू-काश्मीरचा राज्यक्रमांक ०१ आहे. आकडा धरला, की शून्य गळतं. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा.

तारखांचं तसंच. बिलाच्या तारखेत आधी दिवस असतो, पोचेच्या तारखेत आधी वर्ष. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल. प्रोग्रामने ती ४ मार्च वाचली, तर बिल मागच्या आर्थिक वर्षात जातं.

शॉपफ्लोअरवर पार्ट गेजमध्ये बसला नाही, तर तो पुढे जात नाही. स्कीमा हे माहितीचं तसंच गेज आहे: कोणतं नाव हवंच, त्याची लांबी किती, प्रकार कोणता, हे त्यात लिहिलेलं असतं. उत्तर आलं, की ते आधी स्कीमावर तपासावं आणि मूळ रूपात जपूनही ठेवावं.

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांसाठी असे प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं आहे: तुमच्या प्रोग्रामला नुसती चांगली उत्तरं देऊन तपासू नका. तुटलेलं, रिकामं आणि २१५० चं उत्तर त्याच्यापुढे टाका, आणि तो काय करतो ते माल गेटवर पोचण्याआधी पाहा.