उन्हाकडे पाणी मागणारा जिल्हा

लेहमध्ये वर्षाकाठी पडणारा पाऊस आणि वितळवून मोजलेला बर्फ, दोन्ही धरले तरी बेरीज १०० मिलिमीटरच्या आसपासच भरते. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा पाऊस सहज होतो. दुष्काळ म्हटलं की ज्याचं नाव ओठांवर येतं, तो आपला माण तालुकाही लेहपुढे पाणीदारच म्हणायचा. तरीही लेहच्या गावांत जव पिकतात, वाटाणा होतो, सिंधूच्या खालच्या खोऱ्यात जर्दाळूची झाडं लगडतात. हे कसं जमतं, ते समजून घ्यायचं तर तिथलं अख्खं वर्ष पाहावं लागतं.

आधी कोरडेपणाचं कारण. पर्जन्यछाया आपण शाळेतच शिकलेलो असतो. सह्याद्रीची हजार-बाराशे मीटरची भिंत ढगांना अडवते आणि पूर्वेकडचे तालुके तहानलेले राहतात. लेहच्या आणि मोसमी वाऱ्यांच्या मध्ये तर पीर पंजाल, मुख्य हिमालय आणि झांस्कर अशा एकामागे एक रांगा आहेत. लेहपर्यंत पोचेतो वाऱ्यातली बरीचशी वाफ वाटेतच सांडलेली असते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ थोडं बर्फ आणतात, पण त्याचाही मोठा वाटा झोजी ला आणि द्रासची बाजूच घेऊन टाकते.

दुसरी गोष्ट उंचीची. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन तृतीयांशच असतो आणि पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून लेहच्या स्वयंपाकघरात डाळीला कुकरशिवाय गत नाही. हवा विरळ आणि वर कोरडी. त्यामुळे दिवसा उन्हाला अडवायला फारसं काही नसतं आणि रात्री जमिनीची ऊब राखायला वाफेचं पांघरूणही नसतं. जुलैत दुपारी २५ अंश आणि पहाटे १० अंश, हे तिथे नेहमीचंच. जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनेच उणे १४ च्या आसपास उतरतो, दुपारीही शून्याच्या वर येईलच असं नाही.

पण थर्मामीटरचा आकडा सावलीतला, हे विसरू नये. डिसेंबरच्या दुपारी एखाद्या लडाखी घराच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी सांडलेलं पाणी दगडासारखं गोठलेलं असतं आणि त्याच वेळी दक्षिणेकडच्या काचेच्या खोलीत, म्हणजे शेलखांगमध्ये, माणसं अंगावरचं जाकीट उतरवून चहा पीत असतात. त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर चढतो, त्यामुळे ऊन तिरपं थेट खोलीच्या तळापर्यंत पोचतं. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावर आला की खोलीत फारसा शिरत नाही. उत्तरेकडे म्हणूनच खिडक्या कमी, भिंती जाड मातीच्या.

आता वर्ष. लडाखी शेतकऱ्याचा खरा घोर एप्रिल-मे महिन्यांचा. थंडीचा हंगाम लांब, पीक सप्टेंबरपर्यंत उरकायला हवं, म्हणून पेरणी याच दिवसांत आणि पहिलं पाणीही याच दिवसांत लागतं. हिमनद्या मात्र पाच हजार मीटरच्या वर आहेत. तिथलं बर्फ जोमाने वितळायला जूनचा मध्य उजाडतो. मधले सहा-आठ आठवडे ओढ्याला करंगळीएवढी धार. गावाने नेमलेला चुरपोन ती पाळीपाळीने शेतात सोडतो. खानदेशातल्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा माणूस लगेच ओळखीचा वाटेल.

जूननंतर ओढ्यांना दिवसाची लय येते. सकाळी पाणी उथळ, संध्याकाळी फुगलेलं, कारण दुपारच्या उन्हात वर वितळलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो. पायी हिंडणारे ओढे सकाळीच ओलांडतात ते यामुळे. आणि म्हणूनच आपला शेतकरी ज्या ढगांची वाट पाहतो, ते तिथे भर हंगामात नकोसे होतात. आभाळ भरून राहिलं की वितळणं मंदावतं आणि पाटाचं पाणी घटतं.

दुपारी आणखी एक गोष्ट होते. डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि खोऱ्यातून जोराचा वारा सुटतो. आपल्या खाऱ्या वाऱ्यांचाच डोंगरातला भाऊबंद. लेहची बहुतेक विमानं सकाळीच का असतात, याचं उत्तर या वाऱ्यात आणि तापलेल्या विरळ हवेत आहे. पर्यटक पहाटेच्या विमानाला शिव्या देतात, पण वैमानिकाला दुसरा पर्याय नसतो.

पावसाची खरी भीती ऑगस्टमध्ये. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह आणि चोगलमसर परिसरात ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. लेहच्या हवामान केंद्रावर मात्र तेव्हा १३ मिलिमीटरही पाऊस नोंदला गेला नव्हता. खरी सर काही किलोमीटरवरच्या उतारांवर कोसळली होती. तिथे मुळांनी माती धरून ठेवणारं गवत नाही, सुटा दगडमातीचा ढीग आहे, आणि खाली घरं कच्च्या विटांची. ज्या मातीने थंडी अडते, तीच पाण्यापुढे विरघळते. सरासरी कमी म्हणून धोका कमी, असा हिशेब इथे चालत नाही.

सप्टेंबरात मळणी उरकते आणि आभाळ निवळतं. लडाखच्या पूर्वेला हानलेसारख्या, साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या जागी दुर्बिणी बसवल्या आहेत, त्या याच कोरड्या, निरभ्र हवेसाठी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीणही तिथेच आहे. त्याच चांगथांग भागात चांगपा मेंढपाळांच्या शेळ्यांच्या अंगावर तेवढ्यात मऊ पश्म धरू लागते.

हिवाळ्यात नद्या गोठतात, खारं पँगाँगही गोठतं. पण ओढ्यांचं थोडं पाणी वाहत असतंच, आणि तेव्हा ते कोणालाच नको असतं. हे वाया जाणारं पाणी चेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्याने हेरलं. वेगात वाहणारं पाणी गोठत नाही, संथ केलेलं गोठतं, एवढ्या निरीक्षणावर १९८७ पासून त्यांनी गावाच्या वर सावलीत बांध घालून बर्फाचे थर साठवले. हे बर्फ हिमनदीपेक्षा खाली असल्यामुळे लवकर, ऐन पेरणीला वितळतं. पुढे २०१३ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी तीच कल्पना उभी केली. वरच्या ओढ्यातून नळाने आणलेलं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उंचीच्या फरकाने कारंज्यासारखं उडतं आणि रात्रीच्या हवेत गोठत शंकूच्या आकाराचा स्तूप चढत जातो. शंकूचं पोट मोठं, पण उन्हाला दिसणारं अंग त्या मानाने कमी. म्हणून सपाट थरापेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

या स्तूपांचं कौतुक करताना एक गोष्ट हटकून राहून जाते. त्यातून एक थेंबही नवा तयार होत नाही, नोव्हेंबर-डिसेंबरचं पाणी फक्त मे महिन्यात ढकललं जातं. त्यासाठी हिवाळ्यात ओढा वाहता हवा आणि रात्री कडाक्याच्या हव्यात. वरची हिमनदीच आटली, तर नळात सोडायला पाणी आणायचं कुठून, याचं उत्तर स्तूपाकडे नाही.