कायद्याच्या कचाट्यातली मूळ संख्या

मोबाईलवर ओटीटीवरचा एखादा सिनेमा लावा आणि चालू दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन पाहा. बहुतेक फोनांवर हाती फक्त काळा चौकोन येतो. नायिकेचा चेहरा तुम्हाला दिसतो आहे, तो त्याच काचेवर उजळलेला आहे, आणि तरीही फोनला त्याचा फोटो काढता येत नाही. कारण सिनेमा फोनपर्यंत येतो तो सांकेतिक रूपात, विस्कटून. त्याची उकल चिपमधल्या एका राखीव भागात होते आणि चित्र तिथून थेट पडद्यावर जातं. फोनमधल्या बाकीच्या यंत्रणेला, म्हणजे अँड्रॉइड, तुमची अ‍ॅप्स आणि स्क्रीनशॉटचं बटण या सगळ्यांना, त्या भागात डोकावण्याची मुभा नसते. घर आपण पैसे मोजून घ्यावं आणि त्यातल्या एका खोलीची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या खिशात असावी, असा हा व्यवहार आहे.

ही किल्ली कुणाची, यावरून घराघरांत आणि कोर्टात गेली पंचवीस वर्षं वाद चालू आहे. या वादातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट डीव्हीडीच्या काळातली आहे. तिच्या मध्यावर एक मूळ संख्या उभी आहे. मूळ म्हणजे शाळेत शिकलेली तीच, १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी.

डीव्हीडी पहिल्यांदा विक्रीला आली ती १९९६च्या नोव्हेंबरमध्ये, जपानात. बारा सेंटिमीटरच्या चकतीवर अख्खा सिनेमा, आणि कितीही वेळा प्रत काढली तरी पहिल्या प्रतीइतकाच लख्ख. हॉलिवूडला नेमकी याचीच धास्ती होती. व्हीएचएस कॅसेटची प्रत, त्या प्रतीची प्रत, असं करत चित्र धूसर होत जायचं. अंकांच्या प्रतीला झीज नसते. सिनेमावर शेकडो माणसांचे पगार अवलंबून असतात, तेव्हा ही धास्ती खोटी म्हणता येणार नाही. म्हणून चकतीला सीएसएस नावाचं कुलूप लावलं गेलं.

त्या कुलपाची रचना पाहण्यासारखी आहे. चित्राचा मजकूर २,०४८ बाइटांच्या तुकड्यांत विस्कटलेला. तो सरळ करणारी किल्ली चकतीवरच ठेवलेली, पण आणखी एका किल्लीने बंद केलेली. ही दुसरी किल्लीही चकतीवरच, आणि तीही चारशेहून अधिक वेळा लिहिलेली, दर वेळी वेगळ्या परवानाधारक उत्पादकाच्या किल्लीने बंद करून. तुमचा प्लेअर त्यातली आपल्यापुरती नोंद उघडतो आणि तिथून पुढची दारं उघडत जातो. परवाना हवा तर उत्पादकाने काही अटी पाळायच्या, आणि त्यांतली एक अट होती विभागांची. सिनेमाच्या बाजारासाठी जगाचे सहा भाग पाडले होते. अमेरिका पहिल्या भागात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, आपण पाचव्यात. आपल्यासोबत पाकिस्तान, बांगलादेश, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग. न्यू जर्सीच्या दुकानात पूर्ण पैसे देऊन घेतलेली, पहिल्या विभागाचा शिक्का असलेली चकती मावशीने पुण्याला पाठवली, तर पाचव्या विभागाचा प्लेअर ती नाकारणार. यात चोरी कुणीच केलेली नाही. तरीही सिनेमा बघता येत नाही.

या कुलपात एक दोष जन्मापासूनचा होता, आणि तो कुठल्याही अभियंत्याला काढता आला नसता. इथे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच गिऱ्हाइकाला विकायची असतात. किल्ली प्लेअरमध्ये नसेल तर सिनेमा दिसणार नाही, आणि प्लेअर तर गिऱ्हाइकाच्या टेबलावर आहे. ज्याला विकलं त्याच्यापासूनच गुपित लपवायचं! दुसरा दोष मात्र टाळता आला असता. किल्ली फक्त ४० बिटांची होती. म्हणजे शक्यता सुमारे १.१ लाख कोटी, ऐकायला प्रचंड. पण आतली आकडेमोड इतकी कच्ची होती की १९९९ साली फ्रँक स्टीव्हन्सन या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं, साडेतीन कोटींच्या आत प्रयत्न पुरेसे आहेत. तेवढं काम तेव्हाच्या घरगुती संगणकालाही सहज झेपत होतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हे कुलूप उघडणारा डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला होता. त्यामागे तिघे होते. दोघांची नावं पुढे आली नाहीत. तिसरा नॉर्वेतला पंधरा वर्षांचा मुलगा, यॉन लेक योहानसेन. झिंग नावाच्या कंपनीच्या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये किल्ली नीट लपवलेली नव्हती, ती या तिघांना सापडली. लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना तेव्हा स्वतःची चकती स्वतःच्या संगणकावर बघायची अधिकृत सोय नव्हती, आणि या प्रोग्रॅमने ती वाट मोकळी केली. २०००च्या जानेवारीत पोलिसांनी योहानसेनच्या घरी झडती घेतली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये आठ स्टुडिओंनी हा प्रोग्रॅम प्रसिद्ध करणाऱ्या ‘२६००’ नावाच्या त्रैमासिकाला कोर्टात खेचलं. आधार होता अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्याचा. त्यात प्रत काढणं तर सोडाच, कुलूप उघडण्याचं साधन पुरवणं हाच गुन्हा. न्यायाधीश लुइस कॅप्लन यांनी प्रोग्रॅम प्रसिद्ध करायला मनाई केली. तो जिथे मिळतो तिथली लिंक जाणूनबुजून देण्यावरही बंदी आली.

इथून पुढे या कहाणीला गणिताचा रंग चढतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड टुरेट्झ्की यांनी या खटल्यात साक्ष दिली. त्यांचा प्रश्न साधा होता. प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेला मजकूर. तो सी भाषेत छापायला बंदी असेल, तर तीच कृती साध्या इंग्रजीत समजावून सांगायलाही बंदी का? सीमारेषा नेमकी कुठे? त्यांनी या प्रोग्रॅमच्या नाना रूपांचं एक प्रदर्शनच मांडलं. कुणी तो टी-शर्टवर छापला, कुणी त्याचं गाणं केलं. सेथ शोन या प्रोग्रॅमरने तर संपूर्ण पद्धत हायकूंमध्ये बांधली, एकूण साडेचारशेहून अधिक कडवी. ती कविता वाचून कुणालाही तो प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येईल. मग बंदी कवितेवर घालायची का?

फिल कार्मोडी या प्रोग्रॅमरला यापुढचा प्रश्न पडला: बंदी संख्येवरही घालायची का? पण आधी एक पायरी समजून घेऊ, कारण खरं नवल तिच्यात आहे.

संगणकातली कोणतीही फाइल ही एक संख्याच असते. ‘घर’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये ‘घ’ला २३२८ आणि ‘र’ला २३५२ हा क्रमांक दिलेला आहे. प्रत्येक क्रमांक सोळा बिटांत लिहून ते एकापुढे एक ठेवले, तर मिळणाऱ्या संख्येची किंमत होते १५,२५,७०,१६०. पंधरा कोटी पंचवीस लाख सत्तर हजार एकशे साठ, म्हणजे ‘घर’! याच रीतीने ज्ञानेश्वरीची फाइल ही एक संख्या, लग्नाचा व्हिडिओ ही एक संख्या, आणि डीसीएसएस हीसुद्धा एक संख्या. या संख्या कुणी तयार करत नाही. मोजत गेलं की त्या वाटेत येतातच. चित्रपटाचा शोध लागण्याआधीही त्या तिथेच होत्या.

मार्च २००१मध्ये कार्मोडीने डीसीएसएसचा मजकूर जीझिप या पद्धतीने आवळून बारीक केला. ती फाइल झाली ५८० बाइटांच्या आसपास. देवनागरीत एवढ्या जागेत जेमतेम दोनशे चिन्हं मावतात. या फाइलची संख्या क आहे असं समजू. त्याला क ही संख्या मूळ हवी होती, पण एखादी संख्या आपल्या इच्छेखातर मूळ होत नाही. मग त्याने जीझिपचा एक गुण वापरला. फाइल संपल्यानंतर शेपटाला काही फालतू बाइट चिकटलेले असले, तर जीझिप ते सोडून देतं आणि मूळ मजकूर बिनचूक उलगडतं. दोन बाइटांचं शेपूट लावायचं ठरवलं तर ६५,५३६ वेगवेगळी शेपटं शक्य होतात. म्हणजे संख्या ६५,५३६, आणि त्या सगळ्यांच्या पोटात तोच प्रोग्रॅम. त्यांपैकी एखादी तरी मूळ निघेल का?

निघणारच, आणि हे आधी सांगता येतं! मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, पण किती विरळ, याचा नियम १८९६मध्ये सिद्ध झालेला आहे. १,४०१ अंकी संख्यांच्या परिसरात साधारण ३,२०० संख्यांमागे एक मूळ असते. तेव्हा ६५,५३६मध्ये वीसेक तरी अपेक्षित. हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा मी थक्क झालो. कार्मोडीचा शोध हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हता. यश जवळजवळ ठरलेलं होतं, फक्त गाळत बसण्याची चिकाटी हवी होती. त्याची संख्या निघाली क गुणिले २५६चा वर्ग अधिक २०८३. अंक १,४०१. ती मूळ असल्याचं दीर्घवृत्तीय वक्रांच्या पद्धतीने रीतसर सिद्ध झालं.

कार्मोडी तिथेच थांबला नाही. टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन इथल्या शाखेतले प्राध्यापक ख्रिस काल्डवेल मोठमोठ्या मूळ संख्यांची यादी ठेवत असत. गणिती मोलामुळे संख्या त्या यादीत गेली, तर ती प्रसिद्ध करण्याला एक स्वतंत्र, निर्मळ कारण मिळणार होतं. पण १,४०१ अंक तिथे फारच थोडे पडत होते. मग त्याने २११ बाइटांचं शेपूट लावलं आणि १,९०५ अंकांची मूळ संख्या शोधली. दीर्घवृत्तीय वक्रांच्या पद्धतीने सिद्ध झालेल्या संख्यांमध्ये ती तेव्हा दहाव्या क्रमांकाची मोठी होती. यादीत ती बसली. पुढे त्याने १,८११ अंकांची आणखी एक मूळ संख्या काढली. ती तर उलगडावीही लागत नाही. फाइल म्हणून साठवली की लिनक्सवर सरळ प्रोग्रॅमसारखी चालते. नुसती मूळ संख्या, आणि ती सिनेमाचं कुलूप उघडते!

२००७मध्ये हाच प्रसंग वेगळ्या रूपात घडला. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीच्या नव्या कुलपाची सोळा बाइटांची एक किल्ली फुटली. ती हटवण्याच्या कायदेशीर पत्रांचा मारा सुरू झाला. डिग या संकेतस्थळाने ती काढून टाकली, तर १ मे रोजी वाचकांनी ती पुन्हा पुन्हा टाकून मुखपृष्ठ भरून टाकलं, आणि अखेर डिगनेच माघार घेतली. कुणीतरी त्या किल्लीचा झेंडा केला. संगणकातला प्रत्येक रंग लाल, हिरव्या आणि निळ्याच्या तीन बाइटांनी ठरतो, म्हणून पाच रंगांच्या पाच पट्ट्यांत पंधरा बाइट बसले. सोळावा कोपऱ्यात लिहिला.

आणि डीसीएसएसच्या प्रकरणात कोर्टांनी काय केलं? अमेरिकेच्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २००१मध्ये मान्य केलं की प्रोग्रॅम ही अभिव्यक्तीच आहे. पण तो कामही करतो, म्हणून बंदी कायम ठेवली. नॉर्वेच्या न्यायालयाने ७ जानेवारी २००३ला योहानसेनला निर्दोष सोडलं. त्या चकत्या त्याने विकत घेतलेल्या होत्या, त्या पाहण्याचा हक्क त्याचा होता. सरकारी पक्षाने अपील केलं, तेही डिसेंबरमध्ये फेटाळलं गेलं. मला नॉर्वेचा न्याय पटतो. संख्येला हेतू नसतो. तीच संख्या एकाला चकत्यांचा चोरटा धंदा करू देते आणि दुसऱ्याला आपल्याच पैशाचा सिनेमा आपल्याच संगणकावर दाखवते. कायद्याने बघायचं ते माणसाच्या हेतूकडे.

आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं, आणि त्याने नेमका हाच निकष धरला आहे. हक्कभंग करण्याच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या हेतूसाठी, किंवा सांकेतिक लेखनाच्या संशोधनासाठी तोडलं, तर तो गुन्हा ठरत नाही. अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तकाची ऐकता येण्याजोगी प्रत करण्याची परवानगीही त्याच दुरुस्तीने दिली. अमेरिकेत अशा सवलतींसाठी दर तीन वर्षांनी अर्ज करावे लागतात. सिनेमा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना वर्गात दृश्यं दाखवण्यापुरतं कुलूप उघडण्याची सूट तिथे २००६ साली मिळाली. आपला कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. त्यातली एक अट मात्र काढून टाकायला हवी. अशा रास्त कामासाठीही दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत केली, तर त्या माणसाचं नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी लागते. आपलीच चकती पाहू इच्छिणाऱ्याचं नाव वहीत का टिपावं?

आता चकत्या कपाटात गेल्या आणि सिनेमे बटणावर आले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा आहे की जे परत काढून घेता येतं, ते ‘विकत घ्या’ म्हणून देताना हा केवळ परवाना असल्याचं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. तुम्ही कुठेही राहत असा, त्या बटणावर बोट ठेवण्याआधी अटींमध्ये दोन गोष्टी शोधा. प्रत तुमच्या मालकीची होते का, आणि उद्या फोन बदलला किंवा ती सेवा बंद पडली तर ती उघडेल का. उत्तर मिळालं नाही, तर कंपनीला लिहून विचारा.