शरणपूरचे आफ्रिकी : गुलामांच्या व्यापाराची स्मृती आणि संशोधन

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• अटलांटिक आणि हिंदी महासागरातील गुलामांच्या व्यापारातील साम्य व भेद सांगता येतील.
• नाशिकजवळच्या शरणपूर येथील मुक्त आफ्रिकी वसाहतीचा इतिहास विशद करता येईल.
• ‘गुलाम’, ‘सिद्दी’, ‘कुणबीण’, ‘शरण’ अशा शब्दांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार करता येईल.
• उपलब्ध कागदपत्रे चिकित्सकपणे कशी वाचावीत, याचे निकष सांगता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गुलामांचा व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिकेचा पश्चिम किनारा, अटलांटिक महासागर आणि अमेरिकेतील उसाचे व कापसाचे मळे उभे राहतात. हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा आहे, अशी आपली समजूत असते. नाशिक शहरातील शरणपूर रोड हे नाव मात्र या समजुतीला छेद देते. एकोणिसाव्या शतकात शरणपूर येथे गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले-मुली राहत होती, शिकत होती. त्यांच्यापैकी काहींची नावे आज लंडन, ब्लॅन्टायर आणि मोंबासा येथील संग्रहांत व स्मृतिस्थळांत आढळतात. त्यांच्या निमित्ताने आपण या घटकात दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. ज्यांची नावेसुद्धा बदलली गेली, त्यांचा इतिहास कसा शोधावा? आणि त्यांचे स्मरण कोणत्या शब्दांत करावे?

५.२ विषय-विवेचन

५.२.१ दोन महासागर, दोन व्यापार

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्री-पुरुषांना अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढविण्यात आले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोहोचले. हे आकडे संशोधकांना मांडता आले, कारण त्या व्यापाराने कागद मागे ठेवले. जहाजांच्या नोंदवह्या, विम्याची कागदपत्रे, बंदरांवरील जकातीचे हिशेब यांतून छत्तीस हजारांच्या आसपास सफरींची माहिती एकत्र करण्यात आली आहे.

हिंदी महासागरातील व्यापार याहून जुना होता. पूर्व आफ्रिकेतून अरबस्तान, इराण आणि भारताच्या किनाऱ्यापर्यंत माणसे आणली जात. लहान गलबतांतून, मसाला, हस्तिदंत आणि कापड यांच्याबरोबरच ही वाहतूक चाले. तिची लेखी नोंद फारच थोडी राहिली. म्हणून येथील आकडे बहुतांशी अनुमानावर आधारलेले असतात. या वाटेने दख्खनमध्ये आलेल्यांपैकी काही लष्करी सेवेतून सत्तेपर्यंत पोहोचले. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तथापि, एका मलिक अंबरच्या कर्तृत्वाने असंख्य निनावी माणसांच्या वाट्याला आलेले जिणे झाकले जाऊ नये.

कायद्यांचा क्रमही आपण नीट लक्षात घ्यावा. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. परंतु त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा प्रदेश वगळण्यात आला होता. या कायद्यान्वये २ कोटी पौंडांची भरपाई ठरली, ती मालकांना. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही. भारतासाठी स्वतंत्र कायदा १८४३ मध्ये आला. त्याने गुलामीच्या मालकीहक्काला न्यायालयाची मान्यता नाकारली. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरण्यास मात्र भारतीय दंडविधानाची वाट पाहावी लागली. झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली, ती जून १८७३ मध्ये.

या व्यापाराच्या संदर्भात भारतीयांची भूमिका केवळ प्रेक्षकाची नव्हती. झांझिबारमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या ताब्यातही गुलाम होते. १८६० च्या सुमारास तेथील ब्रिटिश प्रतिनिधी रिग्बी याने अशा हजारो गुलामांना मुक्त करविले. या बाबीची नोंद घेतल्याशिवाय आपला अभ्यास प्रामाणिक होणार नाही.

५.२.२ शरणपूरची वसाहत

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालणारी ब्रिटिश जहाजे गुलाम नेणारी गलबते पकडत. सोडविलेल्या माणसांना एडन, सेशेल्स किंवा मुंबई येथे उतरविले जाई. त्यांना परत घरी पोहोचविणे बहुधा शक्य नसे. कारण घर शेकडो मैल आत असे आणि वाटेवर पुन्हा पकडले जाण्याचे भय असे. मुंबईत उतरलेल्या मुलांपैकी अनेकांना मिशनांच्या स्वाधीन करण्यात येई.

चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ १८५० च्या दशकात शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसविले होते. विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे प्रमुख होते. १८६० च्या सुमारास तेथे मुक्त आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. मुलांना लेखन-वाचन, धर्मशिक्षण, तसेच सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकविले जात. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना इंग्रजी नावे मिळत. याओ जमातीतील चेंग्विम्बे नावाचा मुलगा अशा रीतीने मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कागदपत्रांत या सर्वांचा उल्लेख ‘नाशिकची मुले’ किंवा ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ असा येतो.

डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईस आला तेव्हा त्याने पुढील मोहिमेसाठी शरणपूरचे नऊ तरुण निवडले. १८७२ मध्ये आणखी सहा जण त्याच्या मदतीसाठी आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आणि जेकब वेनराइट हे त्यांपैकीच होत.

५.२.३ जेकब वेनराइट : साक्षीदार आणि लेखक

मे १८७३ च्या प्रारंभी, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला. बरोबरच्या आफ्रिकी मंडळींनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. त्यानंतर या मंडळींनी वाळविलेला देह सुमारे नऊ महिने, हजार मैलांहून अधिक अंतर वाहून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, तेव्हा मानकऱ्यांमध्ये वेनराइट उपस्थित होता.

वेनराइटने या प्रवासाची दैनंदिनी इंग्रजीत लिहिली. तिचे हस्तलिखित स्कॉटलंडमधील ब्लॅन्टायर येथे, लिव्हिंगस्टनच्या जन्मस्थानच्या संग्रहात आहे. याओ मातृभाषा असलेला, लहानपणी गुलामगिरीत सापडलेला आणि नाशिकला लेखन शिकलेला हा तरुण स्वतः पाहिलेली घटना स्वतःच्या हाताने नोंदवितो, ही बाब असामान्य आहे. गुलामांच्या इतिहासात बहुतेक वेळा मालक, अधिकारी किंवा मिशनरी बोलतात. येथे ज्याच्याविषयी लिहिले जात असे, तोच लिहीत आहे. तरीही दीर्घकाळ या सर्वांची ओळख ‘विश्वासू नोकर’ एवढीच राहिली. वेनराइट पुढे पूर्व आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये तेथेच वारला.

५.२.४ फ्रेअर टाउन : परतणे म्हणजे काय?

मोंबासाजवळ १८७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी नवी वसाहत स्थापन झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला फ्रेअर टाउन हे नाव मिळाले. तिची उभारणी करण्यास शरणपूरचे प्राइस हेच गेले आणि नाशिकचे आफ्रिकीही तेथे नेण्यात आले. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम त्यानंतर बंद झाला.

याला ‘स्वदेशी परतणे’ म्हणावे का, याचा आपण विचार करावा. ही मंडळी लहानपणीच घरापासून तुटली होती. ज्या किनाऱ्यावर ती उतरली, तो त्यांच्या जन्मगावांपासून फार दूर होता. तेथील लोकांच्या दृष्टीने ती परकीच होती. त्यांची नावे इंग्रजी होती आणि स्थानिक बोलीत त्यांना ‘बॉम्बे’चे लोक म्हटले जाई. तरीही शिक्षक, कारागीर, दुभाषे आणि धर्मोपदेशक म्हणून त्यांनी तेथे जम बसविला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तर १८६४ मध्येच रबाई येथे गेले होते. १८८५ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. आश्रयाला येणाऱ्या पळालेल्या गुलामांना रबाई येथे जोन्सने थारा दिला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता. फ्रेअर टाउनच्या घंटेवरून त्या परिसराला आजही ‘केंगेलेनी’, म्हणजे ‘घंटेपाशी’, असे म्हणतात.

५.२.५ शब्दांची साक्ष

मराठीचे विद्यार्थी या नात्याने शब्द हे आपले जवळचे साधन आहे. ‘गुलाम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ ‘मुलगा’ असा आहे. ‘नाशिकची मुले’ हा प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहा. वयात आलेल्या, जबाबदारीची कामे करणाऱ्या पुरुषांनाही इंग्रजी कागदपत्रे ‘मुले’च म्हणत राहिली. माणसाला प्रौढत्व नाकारणे ही गुलामगिरीची भाषिक खूण मुक्तीनंतरही टिकून राहिली, असे यावरून दिसते.

‘हबशी’ हा शब्द ‘हबश’, म्हणजे अॅबिसिनिया, या देशनामावरून आला. ‘सिद्दी’ किंवा ‘शिदी’ याचे मूळ ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, या अरबी संबोधनात मानले जाते. ज्यांच्या पूर्वजांत अनेक गुलाम होते, त्या समाजाचे नाव स्वामित्वाच्या शब्दावरून पडावे, हा अर्थान्तराचा बोलका नमुना होय.

गुलामगिरी केवळ समुद्रापलीकडून आली, असेही नाही. पेशवेकालीन कागदपत्रांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे शब्द स्त्री-गुलामांसाठी येतात आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. आज ‘बटीक’ हा शब्द आपण ‘सत्तेची बटीक’ असा लाक्षणिक अर्थाने सहज वापरतो. त्यामागची विकली गेलेली स्त्री आपल्याला दिसेनाशी झाली आहे.

‘शरणपूर’ या नावातही दोन अर्थ आहेत. ‘शरण’ म्हणजे आसरा. आणि ‘शरण जाणे’ म्हणजे दुसऱ्याची सत्ता मान्य करणे. तेथील मुलांना छप्पर, अन्न आणि अक्षर मिळाले. त्याच वेळी त्यांचे नाव, धर्म आणि पुढील वाट इतरांनी ठरविली. या वसाहतीचे वर्णन करताना यांपैकी एकच अर्थ घेतला, तर चित्र अपुरे राहील.

१८७३ हे वर्षही आपण ध्यानात ठेवावे. झांझिबारचा बाजार बंद झाला आणि चितांबोच्या गावाहून ती दीर्घ वाटचाल सुरू झाली, त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना फुल्यांनी ते अर्पण केले. अटलांटिकचा अनुभव आणि येथील जातिव्यवस्था यांना एका शब्दात जोडण्याचे धैर्य त्या शीर्षकात आहे.

५.२.६ साधने कशी वाचावीत?

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर ग्रंथालयांत मिळते. शोध घेताना एक व्यावहारिक सूचना लक्षात ठेवावी. जुन्या इंग्रजी कागदांत नाशिकचे स्पेलिंग दोन ‘एस’ आणि अखेरीस ‘सी-के’ असे येते. आजच्या स्पेलिंगने शोधल्यास बरेच काही हाती लागत नाही.

प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावेत.

(अ) तो कोणी, कोणासाठी लिहिला? मिशनचा अहवाल इंग्लंडमधील देणगीदारांसाठी असे. म्हणून त्यात मुलांच्या धार्मिक प्रगतीवर भर असतो आणि त्यांची घराची ओढ क्वचितच दिसते.

(आ) त्यात काय मोजले आहे? गलबत पकडणाऱ्या खलाशांना सोडविलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे बक्षीस मिळण्याची तरतूद होती. त्यासाठी संख्या आवश्यक होती. नाव आवश्यक नव्हते.

(इ) त्यात कोण गप्प आहे? शरणपूरला मुलीही होत्या. पुढे त्या फ्रेअर टाउनला गेल्या, त्यांनी संसार उभे केले. वेनराइटच्या दैनंदिनीसारखा त्यांचा शब्द मात्र आपल्यापर्यंत आलेला नाही. ‘अमक्याची पत्नी’ एवढ्या उल्लेखातून त्यांचा माग काढावा लागतो. असा उल्लेख क्षुल्लक समजून सोडून देऊ नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. १८३३ च्या कायद्यातून कोणता प्रदेश वगळण्यात आला होता?
२. मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव काय होते?
३. अरबीत ‘गुलाम’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?

५.३ सारांश

गुलामांच्या व्यापाराचा एक धागा नाशिकपर्यंत पोहोचतो. शरणपूरची आफ्रिकी मुले मुक्त झाली. परंतु मुक्तीचे स्वरूप इतरांनी ठरविले. त्यांपैकी काहींनी त्या मर्यादेतही स्वतःची ओळख निर्माण केली आणि एकाने आपल्या अनुभवाचे लेखन केले. गुलामांच्या व्यापाराच्या स्मरणासाठी संयुक्त राष्ट्रांनी २५ मार्च आणि युनेस्कोने २३ ऑगस्ट हे दिवस ठरविले आहेत. स्मरणदिन पाळणे उचितच आहे. मात्र स्मरणाला संशोधनाची जोड नसेल, तर ‘नाशिकची मुले’ कायम निनावी मुलेच राहतील. चेंग्विम्बे हे नाव उच्चारणे, ही त्या संशोधनाची साधी पण आवश्यक सुरुवात आहे.

५.४ शब्दार्थ

हुन्नर – हातकाम, कारागिरी
दप्तर – कागदपत्रांचा संग्रह
पुराभिलेखागार – जुनी सरकारी कागदपत्रे जतन करणारी संस्था
अर्थान्तर – शब्दाच्या अर्थात होणारा बदल

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. ईस्ट इंडिया कंपनीचा प्रदेश वगळण्यात आला होता.
२. त्याचे मूळ नाव चेंग्विम्बे होते.
३. ‘मुलगा’ हा मूळ अर्थ होय.

५.६ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘शरणपूरचे आफ्रिकी मुक्त होते, पण स्वतंत्र होते का?’ या प्रश्नाची चर्चा २५० शब्दांत करा.
२. आपल्या गावातील किंवा परिसरातील एखादे स्थलनाम निवडा. वडीलधाऱ्या मंडळींशी बोलून त्या नावामागील माहिती लिहून घ्या. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवा आणि त्यांतील कोणती माहिती लेखी साधनांशी पडताळता येते, ते स्वतंत्रपणे लिहा.